सोंड्या भुंग्याचे खाणे आणि राहणे



बाणवली माड लावल्यापासून धरायला लागेपर्यंत सहा-सात वर्षे जातात. तेवढी वर्षे आपण त्याला अळे करतो, पाणी घालतो, खत देतो. आणि ऐन उमेदीत आलेला माड एके दिवशी शेंडा टाकतो. खालून बघावे तर कालपर्यंत हिरवागार होता. गडी वर चढवला तर कोंब सरळ हातात येतो आणि आंबूस, कुजका वास सुटतो. घरची माणसे म्हणतात, "माडाला दृष्ट लागली." मंडळी, ही दृष्ट बहुतेक वेळा सोंड्या भुंग्याची असते. आणि तो काल आलेला नसतो. दोन-तीन महिने आधीच तो आत शिरलेला असतो.

अशा वेळी आपण विचारतो, "औषध कोणते मारू?" विचारायलाच हवे. पण त्याच्या आधीचा प्रश्न असा की, हा भुंगा आपल्याच वाडीत का वाढला? कोणतीही कीड दोन गोष्टींवर जगते. एक तिचे खाणे, दुसरे तिचे राहणे. गुराला चारा चांगला आणि गोठा उबदार असला की गूर लवकर वाढते, तसेच हे आहे. सोंड्या भुंग्याला चारा कुठे मिळतो, गोठा कसा मिळतो, हे समजून घेतले तर तो तोडायचा कुठे हेही समजेल.

किडीची ओळख

सोंड्या भुंगा तांबूस तपकिरी रंगाचा, साधारण दीड इंच लांब असतो. मानेजवळ पाठीवर काळे ठिपके आणि तोंडाला पुढे वाकलेली सोंड. सोंडेवर केसांचा झुपका असेल तर तो नर. मादी या सोंडेने मऊ जागी भोक पाडते आणि त्यात एकेक अंडे घालते. एक मादी आपल्या आयुष्यात साधारण दोनशे ते तीनशे अंडी घालते. दोन ते पाच दिवसांत अंडे फुटते आणि पिवळट पांढरी, बिनपायाची, तपकिरी डोक्याची अळी निघते. पाय नसले म्हणून काय झाले? जबडा असा बळकट की खोडाचा गाभा पोखरत ती बोगदे पाडत जाते. वाढ पुरी झाली की माडाचाच काथ्या अंगाभोवती गुंडाळून ती कोश करते. दोन-तीन आठवड्यांनी कोशातून भुंगा तयार होतो आणि पुढे दोन-तीन महिने जगतो.

म्हणजे अंड्यापासून भुंग्यापर्यंत तीन-चार महिने. पण हा काळ ठरीव नाही. तो खाण्याप्रमाणे आणि हवेप्रमाणे कमी-जास्त होतो. खरी मेख इथेच आहे.

खाणे तशी वाढ

माडावर अळीची अवस्था कधी सव्वा महिन्यात संपते, तर कधी अडीच महिने चालते. कीड तीच, मग एवढा फरक का? कारण पानातले अन्न वेगळे. मऊ, रसाळ, साखर आणि पिठूळ भाग भरपूर असलेले अन्न मिळाले की अळी झपाट्याने पोसते, कोश मोठा होतो आणि निघणारी मादीही थोराड निघते. थोराड मादी अंडी जास्त घालते. तेच अन्न चिवट आणि कोरडे असले तर अळी रेंगाळते, खुजी राहते, पुष्कळशा अळ्या मध्येच मरतात.

प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांना हे भुंगे अभ्यासासाठी पाळावे लागतात. तिथे त्यांना उसाची कांडी देतात. उसात गोडवा आहे, ओल आहे आणि कोश विणायला तंतूही आहेत. एका कांडीत अळीचे जेवण, घर आणि पांघरूण अशी तिन्हीची सोय होते.

याहून मोठा दाखला दक्षिण थायलंडमधला. तिथे या भुंग्याच्या अळ्या लोक आवडीने खातात आणि विक्रीसाठी मुद्दाम पाळतात. साबुदाण्याच्या ताडाचे ओंडके कापून त्यावर भुंगे सोडतात. काही जण त्या ताडाचा भुगा करून त्यात डुकराचे खाद्य मिसळतात आणि टबात अळ्या वाढवतात. ओंडक्यापेक्षा टबातल्या कालवलेल्या खाण्यावर अळी लवकर विक्रीला येते. आपल्याकडे कोंबडीला चांगले खाद्य दिले की ती लवकर वजन धरते, तसेच. आपण ज्याला शत्रू म्हणतो त्याचे तिथे पालन होते! पण धडा आपल्यालाही घेण्यासारखा आहे. तोडलेला, ओला ताडाचा ओंडका म्हणजे या किडीचा उत्तम चारा. आता आपल्या वाडीच्या कोपऱ्यात पडलेला माडाचा ओंडका आठवा. तिथे थायलंडचा शेतकरी जे पैसे घालून करतो, ते आपण फुकट करून ठेवलेले असते.

आता माडाच्या वयाकडे बघू. पाच ते वीस वर्षांच्या माडाला हा भुंगा सर्वांत जास्त लागतो. या वयात खोडाचा गाभा आणि कोंब मऊ आणि रसाळ असतो. पुढे खोड निबर झाले की बिनपायाच्या अळीला ते पोखरणे जड जाते. जुन्या माडात ती मग शेंड्याकडच्या मऊ भागात शिरते. म्हणून तरण्या माडांची राखण जास्त करावी.

वास हेच बोलावणे

भुंगा वासावर येतो. माडाला जखम झाली की रस पाझरतो, तो उबेने आंबतो आणि माडीसारखा वास सुटतो. हा वास भुंग्याला लांबून कळतो. तिथे पहिला नर पोचला की तो स्वतःच्या अंगातून आणखी एक वास सोडतो. हा गंध म्हणजे "या, इथे जेवण आहे" अशी साद. त्यावर नर येतात आणि माद्याही येतात. शास्त्रज्ञांनी हा गंध १९९३ साली ओळखला आणि नंतर तो कारखान्यात तयार होऊ लागला. आज गंध सापळ्यात जी कुपी लावतात ती हीच.

एक गोष्ट ध्यानात घ्या. नुसत्या कुपीपेक्षा कुपी आणि आंबलेले खाद्य दोन्ही ठेवले तर भुंगे कितीतरी जास्त सापडतात. नुसत्या हाकेवर येणारे थोडे, पंगत दिसली की येणारे फार.

राहणे: बाहेरची हवा आणि आतली हवा

ही कीड मूळची उष्ण आणि दमट मुलखातली. साधारण १५ अंशांखाली तिची वाढ जवळपास थांबते. स्पेन देशात यावर अभ्यास झाला. वर्षाचे सरासरी तापमान १५ अंशांखाली असेल तिथे वर्षात एक पिढीही पुरी होत नाही. १९ अंशांवर असेल तिथे दोनाहून जास्त पिढ्या होतात. आपल्या कोकणपट्टीचे सरासरी तापमान याच्या कितीतरी वर. इथे थंडी तिला अडवत नाही. बारा महिने वाडीत अंडी, अळ्या, कोश आणि भुंगे सगळे एकाच वेळी असतात.

तुम्ही म्हणाल, "एप्रिल-मेचे कडक ऊन तरी तिला मारील?" ऊन अंड्याला आणि कोवळ्या अळीला मारते, हे खरे. उघड्यावर त्या सुकून जातात. पण अळी उघड्यावर राहतच नाही! खोडाच्या आत ओल कायम असते. वर पुष्कळ अळ्या एकत्र खातात, चघळलेला भुसा आंबतो आणि शेणखताचा ढीग तापावा तशी आत ऊब धरते. पोखरलेल्या जागेचे तापमान निरोगी खोडापेक्षा जास्त भरते. बाहेर थंडी असो की ऊन, आत अळीने आपला स्वतःचा हंगाम तयार केलेला असतो. म्हणून "पाऊस पडला की कीड जाईल" किंवा "ऊन तापले की मरेल" या भरवशावर राहू नये.

यातूनच दुसरी बाजूही दिसते. अळीची सगळी मदार ओलीवर आहे. खोड फोडून उन्हात उघडे टाकले की तिचा गोठाच मोडला.

रोपाबरोबर परदेशी गेलेली कीड

भारतात नारळावरची कीड म्हणून हिची नोंद १९०६ सालापासून आहे. १९८० नंतरच्या दशकात ती अरबी आखातातल्या खजुराच्या बागांत पोचली, १९९२ साली इजिप्तमध्ये आणि पुढे स्पेनमध्ये. एवढा पल्ला ती उडून गेली नाही. माणसांनी लावणीसाठी नेलेल्या झाडांतून गेली. नवीन मुलखात झाड बदलले तशी तिची शिरण्याची जागाही बदलली. खजुराला बाजूने फुटवे येतात, ते काढताना बुंध्याशी जखमा होतात. म्हणून तिथे कीड जमिनीजवळ शिरते. युरोपात शोभेच्या ताडांना ती शेंड्यातून लागते. आपल्याकडे माडाला खोडातून आणि शेंड्यातून, दोन्हीकडून. सगळीकडे नियम एकच: जिथे जखम आणि मऊ गाभा, तिथे भुंगा.

हा दाखला आपल्यालाही लागू आहे. हॉटेलापुढे, बंगल्यापुढे लावायला मोठी शोभेची ताडझाडे बाहेरून आणतात. ती नीट पाहिल्याशिवाय वाडीजवळ लावू देऊ नयेत.

एका माडाचा हिशोब

समजा, एका मादीने अडीचशे अंडी घातली. त्यातली पुष्कळ मेली आणि फक्त वीस भुंगे निघाले. त्यात दहा माद्या. चार महिन्यांनी या दहा माद्या अंडी घालतील. आठ महिन्यांनी शंभर होतील. वर्षअखेर हजार. हा कागदावरचा हिशोब आहे, वाडीत एवढ्या जगतीलच असे नाही. पण मेलेला एक माड उभा ठेवला तर तो शेजारच्या किती माडांना पुरे पडेल, याचा अंदाज येईल. भुंग्याला बांध कळत नाही. एकाने आळस केला की चौघांच्या वाडीला भोगावे लागते.

दार कोण उघडतो?

निरोगी, जखम नसलेल्या माडात सोंड्याला शिरणे सोपे नाही. दार दुसरेच कोणी उघडते.

पहिला गेंड्या भुंगा. हा काळा, डोक्यावर शिंग असलेला. तो कोंब पोखरतो आणि पाने कात्रीने कापल्यासारखी दिसतात. त्याने पाडलेल्या भोकातून सोंड्या शिरतो. गेंड्या वाढतो आपल्या शेणखताच्या उकिरड्यात.

दुसरे आपण स्वतः. ओली झावळी खोडालगत छाटतो. चढायला खोडात खाचा पाडतो. नांगर, कुदळ, कोयता बुंध्याला लागतो.

तिसरे वादळ आणि वीज. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. अशा वादळानंतर पडलेले ओंडके आणि पिळवटलेले शेंडे ही भुंग्याची सुगी असते. म्हणून वादळानंतरची सफाई ही पुढच्या वर्षीच्या माडांची राखण समजावी.

काय करावे?

१. पाहणी. महिन्यातून एकदा प्रत्येक तरण्या माडाभोवती फिरावे. खोडावर लहान भोके, त्यातून तांबूस चिकट रस, बाहेर आलेला चघळलेला भुसा, मधल्या पानांचा पिवळेपणा किंवा मलूलपणा, ही लक्षणे. शांत वेळी खोडाला कान लावावा. आत अळ्या असतील तर कुरतडल्याचा कुरकुर आवाज येतो.

२. छाटणी. हिरवी झावळी कापायचीच झाली तर खोडापासून चार फूट देठ ठेवून कापावी. जखमेतून शिरलेली अळी मग खोडापर्यंत पोचत नाही. खोडात खाचा पाडू नयेत. झालेल्या जखमेवर त्याच दिवशी डांबर किंवा बोर्डो मलम लावावे, म्हणजे रस आंबून वास सुटणार नाही.

३. गेंड्याचा बंदोबस्त. उकिरडा वरचेवर उपसावा, त्यातल्या अळ्या वेचून माराव्यात. मेटारायझियम बुरशी मिळाल्यास खड्ड्यात मिसळावी. कोंबाजवळच्या पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समभाग घालावी. भोकात गेंड्या असेल तर तारेच्या आकड्याने ओढून काढावा.

४. मेलेला माड. हे काम उद्यावर टाकू नये. माड तोडून खोड उभे चिरावे, लहान तुकडे करावेत, अळ्या आणि कोश वेचून माराव्यात. तुकडे उन्हात पुरे वाळवावेत, मग जाळावेत. बुंध्याचा खुंटही काढावा. ओले खोड तसेच पेटवून उपयोग नाही. ते वरून काळे पडते आणि आत अळी सुखरूप राहते.

५. गंध सापळा. झाकणाची गडद रंगाची बादली घ्यावी. बाजूला भुंगा शिरेल एवढी भोके पाडावीत. बाहेरून गोणपाट गुंडाळावे, म्हणजे भुंग्याला चढायला धर मिळतो. झाकणाला आतून कुपी टांगावी. तळाशी उसाचे तुकडे किंवा पिकलेली केळी आणि पाणी घालावे. हेक्टरी एक सापळा, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर, पण तरण्या माडाला न टांगता दुसऱ्या झाडाला किंवा खांबाला टांगावा. दर आठवड्याला भुंगे काढून मारावेत आणि खाद्य-पाणी बदलावे.

६. लागलेला माड. शेंडा शाबूत असेल तर माड वाचण्याची आशा असते. खालची भोके मातीने बुजवून वरच्या भोकातून नरसाळ्याने औषध सोडतात आणि तेही भोक बंद करतात. औषध कोणते आणि किती, हे सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडून किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राकडून चालू शिफारशीप्रमाणे विचारून घ्यावे. जुन्या पत्रकांवर जाऊ नका. त्यांत सुचवलेल्या कार्बारिलवर २०१८ साली बंदी आली. औषध दिलेल्या माडाची शहाळी आणि नारळ सांगितलेली मुदत संपेपर्यंत उतरवू नयेत.

शंका आणि उत्तरे

शंका: सापळा लावल्यावर शेजारच्या वाडीतले भुंगे माझ्याकडे येणार नाहीत का?
उत्तर: सापळ्यातले खाद्य वाळू दिले तर तसे होऊ शकते. भुंगा वासावर येतो, बादलीत शिरत नाही आणि जवळचा माड धरतो. खाद्य ओले आणि आंबलेले ठेवा. सगळ्या वाड्यांनी मिळून सापळे लावले तर ही शंकाच उरत नाही.

शंका: सापळ्यात बरेच भुंगे पडले. आता माडांना धोका नाही ना?
उत्तर: धोका आहे. सापळ्यात पडतो तो बाहेर हिंडणारा भुंगा. आतली अळी सापळ्याला भीक घालत नाही. मात्र सापडणाऱ्यांत माद्या जास्त असतात. एक मादी पडली म्हणजे दोनशे अंडी चुकली असे समजा. भुंगे जास्त पडू लागले की जवळच एखादा पोखरलेला माड आहे हे ओळखून शोध घ्या.

शंका: माड मेलाच आहे, पावसानंतर तोडला तर?
उत्तर: पावसाचे चार महिने म्हणजे भुंग्याची एक आख्खी पिढी. ती उडून गेल्यावर तोडलेला माड म्हणजे चोर गेल्यावर लावलेले कुलूप.

मंडळी, या भुंग्याचे सगळे आयुष्य आत जाते. औषधाला, उन्हाला, पाखराला तो सापडत नाही. उघड्यावर सापडतो तो दोनच वेळा: भुंगा होऊन वास शोधत हिंडताना, आणि मादी जखमेत अंडी घालताना. जखम बुजवली की मादीला अंडी घालायला जागा मिळत नाही. सापळा लावला की हिंडणारा भुंगा हाती लागतो. मेलेला माड फोडून वाळवला की पुढच्या पिढीचा चारा आणि गोठा दोन्ही जातात. या तिन्ही कामांना फारसा पैसा लागत नाही, कोयता, कुऱ्हाड आणि चार शेजाऱ्यांचा एकविचार लागतो.

येत्या रविवारी वाडीतली चार घरे एकत्र या. उभा मेलेला माड कुणाच्या हद्दीत आहे हे न बघता आधी तो पाडा. मग बाकीच्या माडांना एकेक करून कान लावा.